रोगाची साथ आणि भयाची साथ



२२ जून १८९७ ची रात्र महाराष्ट्राला नव्याने सांगावी लागत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाल्याचा समारंभ पुण्याच्या गणेशखिंडीतील राजभवनात पार पडला, मेजवानी आटोपून परतणाऱ्या रँडच्या बग्गीचा पाठलाग झाला आणि चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी रँड व आयर्स्ट यांचा वेध घेतला. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला रुग्णालयात मरण पावला. शाळकरी मुलांनाही हा प्रसंग मुखोद्गत असतो. परंतु त्या रात्रीच्या आधीचे तीन महिने फारसे कोणी वाचत नाही, आणि आज विचार करायचा आहे तो त्या तीन महिन्यांचा.

प्रश्न असा आहे. प्लेग हा मृत्यूचा दूत होता. सरकार प्लेगशी लढायला निघाले होते. मग पुण्याच्या सामान्य माणसाला प्लेगपेक्षा प्लेगचा बंदोबस्त अधिक भयंकर का वाटला? जीव वाचवण्यासाठी घरात शिरलेला माणूस शत्रू का ठरला? याचे उत्तर केवळ ‘परकी सत्ता’ एवढ्या दोन शब्दांत देऊन मोकळे होता येते. पण मग १९९४ च्या सुरतेचे आणि २०२० च्या महामारीचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून थोडे मुळाशी जावे लागते.

कथेचा आरंभ मुंबईत होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील एका रुग्णाच्या शरीरावरील गाठी पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी निदान केले, की हा ग्रंथिक प्लेग आहे. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याच्या गोदामांची वस्ती. गोदामांत उंदीर, आणि गोदामांवरच्या मजल्यांवर दाटीवाटीने माणसे. व्हिएगस यांचे निदान अचूक होते. पण ते ऐकून घेण्याची घाई कोणालाच नव्हती. प्लेग हा शब्द उच्चारला की बंदर बंद पडणार, कापूस आणि धान्य अडकणार, जगभरच्या बंदरांत मुंबईची जहाजे अडवली जाणार. त्यामुळे आरंभीच्या काळात या रोगाला सौम्य नावाने संबोधण्याचा आणि त्याचे स्वरूप किरकोळ असल्याचे भासवण्याचा प्रयत्न झाला. साथीच्या काळात सत्ता पहिली चूक करते ती ही. ती सत्याला उशीर लावते.

दुसरी चूक पहिलीच्या पोटातूनच जन्मते. सत्य लपवणे अशक्य झाले की ‘काहीतरी करून दाखवण्याची’ घाई सुटते. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या म्युनिसिपल आयुक्तांनी फर्मान काढले : रुग्णाला सक्तीने रुग्णालयात न्यायचे, संशयितांना वेगळे काढायचे, घरे जंतुनाशकांनी धुऊन काढायची. काल ज्या रोगाचे नाव घ्यायला प्रशासन तयार नव्हते, त्याच रोगासाठी आज ते दारे फोडायला निघाले. लोकांनी यातून कोणता अर्थ काढावा? २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढली जाते, अशा वावड्या शहरभर उठल्या होत्या. आज त्या वावड्या हास्यास्पद वाटतात. परंतु ज्या चाळीतून नेलेला शेजारी खरोखरच परत आलेला नाही आणि ज्याचे प्रेतही घरच्यांच्या हाती लागलेले नाही, त्या चाळीत बसून त्या ऐकल्या तर हसू येणार नाही.

आणि मग मुंबई पळू लागली. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली, असे तत्कालीन अंदाज सांगतात. आगगाड्या, बैलगाड्या, गलबते भरभरून माणसे बाहेर पडली. आणि कोणाच्या सामानातून, कोणाच्या धान्याच्या पोत्यांतून रोगही बाहेर पडला. येथे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, की समाजाचे भयही निरपराध नव्हते. सरकारच्या दांडगाईने माणसे पळाली हे खरे, पण पळणाऱ्यांनी रोग गावोगाव नेला हेही तितकेच खरे.

याच वेळी युरोपातील राष्ट्रांनी भारतातील मालावर आणि प्रवाशांवर बंदी घालण्याची भाषा सुरू केली. १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि ब्रिटनचा हिंदुस्थानशी चालणारा व्यापार धोक्यात आला. या दडपणाखाली ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्यातील दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल ते उपाय योजण्याची मुभा दिली. तिसऱ्याने आज्ञाभंगाला शिक्षा ठेवली. आणि चौथ्याने असे सांगितले, की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. अधिकार अमर्याद, उत्तरदायित्व शून्य! अधिकाऱ्याचा हेतू चांगला होता एवढे म्हटले की सामान्य माणसाची तक्रार संपली. मुंबई-पुण्याच्या घराघरांत पुढे जे घडले, त्याचे बीज या चौथ्या कलमात आहे.

पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे आले. साताऱ्याकडील कारकिर्दीत वाईच्या खटल्यामुळे त्याची कठोर अधिकारी म्हणून ख्याती झालेलीच होती. १३ मार्च १८९७ पासून १९ मेपर्यंत त्याच्या कमिटीने घरतपासणीची मोहीम चालवली आणि त्या कामासाठी मुख्यतः गोरे सैनिक वापरले. नागरी प्रशासनाच्या माणसांवर विश्वास नाही, स्थानिक वैद्य-डॉक्टरांवर नाही, नगरपालिकेवर नाही. विश्वास फक्त बंदुकीवर. शहराचे विभाग पाडून पथके घरात शिरत. देवघर आणि माजघर असा भेद त्यांना ठाऊक नव्हता आणि असला तरी पाळायचा नव्हता. गाठी तपासण्यासाठी स्त्री-पुरुषांना उघड्यावर आणले जाई. अंथरूण-पांघरूण, कपडे, सामान जाळले जाई. जमिनी उकरल्या जात. घरात एखादा रुग्ण सापडला तर तो रुग्णालयात आणि घरची निरोगी माणसे शहराबाहेरच्या छावणीत. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे.

कागदावर सर्व काही ठीक होते. स्त्रियांची अब्रू आणि लोकांचे धर्माचार यांची बूज राखावी, अशा सूचना वरून दिल्या गेल्या होत्या. परंतु सूचना कागदावर असते आणि दारात उभा असतो तो शिपाई. या कागदाच्या आणि शिपायाच्या मधले अंतर मोजणारी यंत्रणा कोठेच नव्हती. तक्रारी झाल्या. त्या केवळ ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनीच केल्या असे नाही. ज्यांना सरकारद्वेष्टे म्हणणे शक्य नव्हते, त्या ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंनीही वृत्तपत्रात पत्र लिहून प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांच्या होणाऱ्या विटंबनेकडे लक्ष वेधले. नेमस्तांचे धुरीण गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्राला मुलाखत दिली. परतल्यावर पुरावे मागण्यात आले. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करायची नाहीत आणि पुरावा तर द्यायचा, अशा पेचात सापडलेल्या गोखल्यांना ऑगस्ट १८९७ मध्ये बिनशर्त क्षमा मागावी लागली. अत्याचार झाकण्याचा हा जुनाच मार्ग : पीडिताला साक्षीदार म्हणून पुढे यायला सांगायचे आणि तो भयाने आला नाही की काही घडलेच नाही असे जाहीर करायचे.

या साऱ्या खटाटोपाचे फलित काय? त्या दोन-सव्वादोन महिन्यांत घरतपासणीची संख्या दोन लाखांवर गेली; एकेक घर कितीदातरी तपासले गेले. हाती लागलेले रुग्ण मात्र शेकड्यांतच मोजावे लागले. उन्हाळा वाढला, साथ ओसरली आणि कमिटीने श्रेय घेतले. त्याच वर्षी साथ पुन्हा परतली.

परतणारच होती, कारण मुळात रोग कसा पसरतो हेच त्या वेळी नीट ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये येर्सिनने शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, याचा उलगडा १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत केलेल्या प्रयोगांनी झाला. उंदराच्या अंगावरील पिसू हा त्यातला दुवा होता. सिमाँचे म्हणणे सर्वमान्य व्हायलाही आणखी काही वर्षे लागली. म्हणजे रँडचे सैनिक ज्या काळात माणसांच्या गाठी शोधत होते, त्या काळात खरा वाहक त्यांच्या पायाखालून, भिंतींच्या बिळांतून बिनधास्त फिरत होता. मुंबईत गटारांतून कार्बोलिकचे आणि समुद्राचे पाणी सोडले गेले. उंदीर काय, एका गटारातून दुसऱ्या घरात गेले. गंमत अशी, की हिमालयाच्या पायथ्याशी गढवाल-कुमाऊंच्या खेड्यांत फार पूर्वीपासून लोकांना माहीत होते, की घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडून रानात जाऊन राहावे. ज्याला अडाणी समजले जात होते त्या पहाडी शेतकऱ्याचे निरीक्षण शासनाच्या शास्त्रापेक्षा रोगाच्या अधिक जवळ होते. येथे धडा विज्ञानाला नाकारण्याचा नाही. विज्ञान अपुरे असताना सत्तेने पूर्ण खात्रीचा आव आणू नये, एवढाच आहे.

विज्ञानाने याच काळात एक मोठी देणगीही दिली. वाल्डेमार हाफकिन या रशियात जन्मलेल्या ज्यू शास्त्रज्ञाने मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आधी स्वतःला आणि मग इतरांना! परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने उभी आहे. रँडची पद्धत आणि हाफकिनची पद्धत एकाच साथीत, एकाच प्रांतात, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दिसल्या. एकाने लोकांना आज्ञा केली. दुसऱ्याने आपला दंड पुढे केला.

पुण्यातही पाहण्यासारखे आणखी काही घडत होते. लोकमान्य टिळकांच्या विरोधाचे स्वरूप अनेकदा चुकीचे रंगवले जाते. टिळकांनी स्वच्छतेला, विलगीकरणाला किंवा रुग्णालयाला विरोध केलेला नाही. उलट, साथ येताच शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी ‘केसरी’तून कोरडे ओढले, स्वतः पुण्यात ठाण मांडले आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप उपायावर नव्हता, उपाय योजणाऱ्याच्या वृत्तीवर होता. १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला, हे लक्षात घेतले म्हणजे या माणसाला प्लेगचे गांभीर्य कळत नव्हते असे कोणी म्हणू धजणार नाही.

आणि हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांनी देह ठेवला. पुढे तीनच दिवसांनी रँडची पथके घराघरांत शिरू लागली. रुग्णाला घराबाहेर काढून दवाखान्यात नेणे हेच काम दोघांनीही केले. एका ठिकाणी त्या कृतीला माया म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी जुलूम. फरक कृतीत नाही, हाताच्या स्पर्शात आहे.

रँडच्या वधानंतर सरकारने जे केले, ती भयग्रस्त सत्तेची तिसरी चूक. साथीला घाबरलेली सत्ता आता आपल्याच प्रजेला घाबरली. पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च शहराच्याच माथी मारला गेला. सरदार नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली कोणत्याही चौकशीविना स्थानबद्ध केले गेले. २७ जुलैला टिळकांना अटक झाली, राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि १४ सप्टेंबर १८९७ ला त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. ज्युरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. दुसऱ्या वर्षी राजद्रोहाचे कलम आणखी कडक केले गेले. आरोग्याच्या प्रश्नापासून सुरू झालेला प्रवास मुद्रणस्वातंत्र्याच्या गळ्यापाशी येऊन ठेपला. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ ला आणि वासुदेव, महादेव रानडे व बाळकृष्ण हे तिघे मे १८९९ मध्ये फाशी गेले. भगूरच्या घरात विनायक सावरकर या किशोराने ही वार्ता ऐकून कुलदेवतेसमोर शपथ घेतली. १८९९ मध्ये त्याचे वडील प्लेगनेच गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरच्या साथीत केशव बळिराम हेडगेवार या मुलाचे आई-वडील एकाच दिवशी गेले. एका पिढीच्या मनात रोग आणि राज्य यांची जखम एकमेकींत मिसळून गेली.

सरकार शहाणे झाले, पण उशिरा. मार्च १८९८ मध्ये मुंबईत घरतपासणीवरून पुन्हा दंगल उसळली, त्यानंतर सक्तीचा फास हळूहळू सैल करण्यात आला. ज्ञातींना आपापली रुग्णालये चालवू दिली, स्थानिक स्वयंसेवकांची मदत घेतली गेली, लस ऐच्छिक ठेवली गेली. पुण्यात पुढच्या साथीच्या वेळी स्वयंसेवकांचे पथक उभे करणाऱ्यांत गोखलेच अग्रभागी होते. वर्षापूर्वी ज्याच्याकडून क्षमा वदवून घेतली, त्याच माणसाच्या मदतीवाचून सरकारचे चालले नाही. प्लेगने पुढील दोन दशकांत या देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. सक्तीने ते वाचले नाहीत. परंतु सक्तीने गमावलेला विश्वास मात्र परत मिळवण्यात कित्येक वर्षे गेली.

यावर कोणी म्हणेल, ते परके राज्य होते. स्वराज्यात असे होत नाही. म्हणून सुरतेकडे पाहावे लागते.

ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला लातूर-उस्मानाबाद परिसर भूकंपाने हादरला होता आणि मराठवाड्यात उंदरांचा उपद्रव वाढला होता. त्यानंतर काही आठवड्यांत तापीच्या पुराचे पाणी ओसरलेल्या, कचऱ्याने आणि मेलेल्या जनावरांनी भरलेल्या सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे वृत्त फुटले. चार-पाच दिवसांत तीन ते सहा लाख माणसे शहर सोडून गेली, असे अंदाज आहेत. पळणाऱ्यांत कामगार होते, व्यापारी होते आणि दुर्दैवाने अनेक खासगी डॉक्टरही होते. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले. दिल्ली-मुंबईत माणसे तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली. अनेक देशांनी भारतातून येणारी विमाने थांबवली, भारतीय माल नाकारला. जागतिक आरोग्य संघटना प्रवास-व्यापारावर बंदी घालण्याची शिफारस करत नव्हती, तरीही जगाने भारताला वाळीत टाकले. व्हेनिसचा धाक शंभर वर्षांनी नव्या रूपात परतला.

आणि प्रत्यक्ष बळी किती? संपूर्ण देशात पन्नाशीच्या थोडे वर. एकेका मृत्यूचे दुःख मोठेच असते. पण त्याच वर्षी या देशात क्षयाने आणि अतिसाराने लाखो माणसे गेली, त्यासाठी कोणत्याही देशाने एकही विमान थांबवले नाही. भय हे आकड्यांचे गणित पाहत नाही. ते नाव पाहते. ‘प्लेग’ या शब्दाच्या मागे शंभर वर्षांची स्मृती होती.

सुरतेच्या कथेचा उत्तरार्ध मात्र आशादायक आहे. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी सैन्य बोलावले नाही, झडत्या घेतल्या नाहीत. अधिकाऱ्यांना रोज सकाळी कार्यालयाबाहेर काढून गल्लीबोळांत पाठवले, कचरा उचलण्याची जबाबदारी ठरवून दिली, बड्यांची अतिक्रमणेही छोट्यांच्या बरोबरीने हटवली. कठोरपणा होताच, पण तो घाणीशी होता, माणसाशी नव्हता. आणि तो सर्वांना सारखा होता. दीड वर्षाच्या आत सुरत देशातील अत्यंत स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. साथीच्या चार दिवसांत भयाने जे झाले नाही, ते साथ संपल्यावर चिकाटीने झाले.

यानंतर २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्याने पुन्हा तोंडावर पट्टी बांधली, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या. आणि २०२० मध्ये तर सारे जगच दाराआड गेले. त्या मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि देशभर पुन्हा बाहेर काढला गेला तो १८९७ चाच कायदा. ज्या आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगार चालून गेले होते, तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय, मुंबईतील आरंभीच्या रुग्णांचे आश्रयस्थान ठरले.

कोरोना हा सुरतेच्या प्लेगसारखा नव्हता. त्याने खरोखरच प्रचंड प्राणहानी केली. टाळेबंदी अवश्य होती की नव्हती, किती दिवस हवी होती, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते राहतील. २४ मार्च २०२० च्या रात्री निर्णय घेणाऱ्यांपुढे निश्चित माहिती अत्यल्प होती, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. परंतु चार तासांच्या सूचनेत कोट्यवधी श्रमिकांचा विचार राहून गेला, हे मुंबई-नाशिक महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन निघालेल्या माणसांनी दाखवून दिले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. समाजाचे भयही तेवढेच निष्ठुर झाले. रुग्णसेवा करून घरी परतणाऱ्या परिचारिकांना शेजाऱ्यांनी दारे बंद केली. अंत्यसंस्कार अडवले गेले. आरोग्यसेवकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये अध्यादेश काढून त्याच जुन्या कायद्यात त्यांच्या संरक्षणाची तरतूद करावी लागली. टाळेबंदीच्याच दिवसांत, १६ एप्रिलच्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे मुले पळवणारे आल्याच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. रोगाने नव्हे, अफवेने घेतलेले हे तीन बळी.

त्याच काळात धारावीतही घरोघर दार ठोठावले जात होते. १ एप्रिल २०२० ला तेथे पहिला रुग्ण आढळला. अडीच चौरस किलोमीटरच्याही आतील ती लाखोंची वस्ती. सर्वांनी तिच्या नावाने हात टेकले होते. महापालिकेने त्याच वस्तीतील खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, स्वयंसेवी कार्यकर्त्यांना घेतले, ताप-प्राणवायू तपासत गल्लीगल्लीतून फिरवले. विलगीकरणात गेलेल्या माणसाला जेवण मिळेल आणि तो परत येईल, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. काही महिन्यांत साथ आवाक्यात आली. १८९७ चे पुणे आणि २०२० ची धारावी यांत कायदा तोच, घरतपासणी तीच, विलगीकरणही तेच. दार ठोठावणारा मात्र ओळखीचा होता.

या सव्वाशे वर्षांचे सार सांगायचे तर ते फार अवघड नाही. साथ आल्याचे सत्य लवकर सांगावे. कारण दडवलेल्या सत्याची जागा अफवा घेते. उपाय कठोर असला तर तो सर्वांना सारखा असावा आणि केव्हा संपेल हे आधी सांगावे. ज्याच्या दारात जायचे, त्याच्या लज्जेची आणि श्रद्धेची बूज राखणारा माणूस पाठवावा. अधिकाऱ्याला विशेष अधिकार दिले तर त्याच्याविरुद्धच्या तक्रारीलाही विशेष दार ठेवावे. सद्हेतू ही ढाल असू शकते, पण ती डोळ्यांवरची पट्टी होता कामा नये. आणि समाजानेही सारा दोष सरकारवर टाकून मोकळे होऊ नये. जो समाज आपल्या आजारी शेजाऱ्याला वाळीत टाकतो, त्याच्यावर रँडसारखाच अधिकारी नेमण्याचा मोह सत्तेला होतो. जो समाज स्वतःहून रुग्णालय उभारतो, स्वयंसेवक देतो, मृताला खांदा देतो, त्याच्या दारात शिपाई पाठवण्याची गरजच उरत नाही.

मराठीत ‘साथ’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. पसरणाऱ्या रोगालाही साथ म्हणतात आणि संकटात दिलेल्या सोबतीलाही साथ म्हणतात. पुढची साथ केव्हा येईल हे कोणीही सांगू शकत नाही. ती येईल एवढे मात्र निश्चित. त्या दिवशी या दोन अर्थांपैकी कोणता अर्थ गल्लीगल्लीत खरा ठरतो, हे शासनाच्या आदेशावर जितके अवलंबून राहील, तितकेच शेजारच्या दारावर कोण आणि कशी थाप देतो यावरही अवलंबून राहील. सावित्रीबाईंनी मुंढव्याहून ते मूल पाठीवर घेतले, तेव्हा त्यांच्या हाती कोणत्याही कायद्याचे कलम नव्हते.